मागच्या इंजिनाच्या जुन्या व्हॅनला ऑइल कूलर: कामाच्या नोंदी

गाडी फोक्सवॅगन टाइप २, १९७७ ची. मागे हवेने थंड होणारं टाइप ४ इंजिन, १९७० सीसी, ७० हॉर्सपॉवर, दोन कार्ब्युरेटर, सॉलिड टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, त्यांची फट हाताने लावायची). तेल फिल्टरसकट साडेतीन लिटर, २०डब्ल्यू-५०. तक्रार एकच: सामान भरून लांब चढ चढला की तेलाच्या दाबाचा काटा हळूहळू खाली येतो आणि वर पोचून गाडी आयडलला (उभ्या गाडीत इंजिन मंद चालू) आली की दाबाचा दिवा लुकलुकतो. इंजिन उघडून झालेलं आहे, बेअरिंग नवीन आहेत. म्हणजे तेल तापून पातळ होतंय. उपाय म्हणून तेल गार करणारा जादा कूलर लावायचा ठरवला. हेच काम करायला घेणाऱ्याच्या उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी.

४ फेब्रुवारी. आधी मीटर

कूलर मागवायच्या आधी तेल नक्की किती तापतं ते कळलं पाहिजे. डिपस्टिकच्या जागी बसणारा तापमानाचा सेन्सर आणि १५० अंशांपर्यंतचा मीटर घेतला. सेन्सर बसवण्याआधी उकळत्या पाण्यात टोक बुडवून पाहिलं, सेन्सरच्या बॉडीला वेगळी अर्थची (वीज परतायची) वायर लावून. काटा १०६ वर. शेजारी ठेवलेला डिजिटल थर्मामीटर ९९ दाखवत होता. म्हणजे मीटर सात अंश चढा आहे. डॅशच्या मागची अर्थ साफ करून परत मोजलं, तेवढाच फरक राहिला. सेन्सर आणि मीटर एकमेकांचे जोडीदार नसले की असं होतं. मीटरवर सातचा फरक लिहून चिकटवला. खालचे सगळे आकडे सात वजा करून लिहिलेले आहेत.

ही पायरी कुणी गाळू नये. सात अंश म्हणजे काळजी करायची की नाही यातला फरक आहे.

९ फेब्रुवारी. पहिलं माप

ठरलेला रस्ता, ठरलेला वेग, ठरलेलं वजन. सपाटीवर ताशी ८५, मग लांब चढ तिसऱ्या गिअरमध्ये. ताई शेजारी बसून दर दोन मिनिटांनी तेल, दाब आणि बाहेरची हवा वहीत मांडत होती.

"अरे, एकशे वीस. अजून चढतोय. थांबायचं का?"

"थोडं वर जाऊ दे, माथा आलाच."

माथ्यावर १२८, बाहेर ३४. आयडलला दिवा लुकलुकला. गाडी बंद न करता आयडलला ठेवली, म्हणजे पंखा फिरत राहतो आणि सिलिंडरची हेडं (टोकाची झाकणं) एकदम तापत नाहीत.

तेलाचा नुसता आकडा लिहून उपयोग नाही. आज बाहेर ३४ आहे, पुढच्या खेपेला २८ असेल. म्हणून तेल वजा हवा हा फरक लिहायचा. आजचा फरक ९४. पुढे प्रत्येक बदलानंतर हाच आकडा बघायचा.

१६ फेब्रुवारी. जे मुळात आहे ते नीट करणं

सगळ्यांत जास्त फायदा इथे झाला, म्हणून सविस्तर लिहितो.

या इंजिनाला कारखान्यातूनच ऑइल कूलर आहे, पंख्याच्या हवेत बसवलेला. तो काम करतोय का हे न बघता दुसरा लावणं म्हणजे दुखणं सोडून पट्टी दुसरीकडे बांधणं. मागच्या खांबांवरच्या जाळ्यांतून गार हवा इंजिनाच्या खोलीत येते, क्रँकशाफ्टच्या टोकावरचा पंखा ती ओढतो, सिलिंडर आणि कूलरवरून ढकलतो आणि तापलेली हवा खाली जमिनीकडे जाते. वरची खोली गार, खालची बाजू गरम. मधे पत्रे आणि भोवती रबरी पट्टी. ही पट्टी गेली की खालची गरम हवा फटींतून वर येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो.

इंजिन चालू ठेवून टिश्यू पेपरची पट्टी चिमट्यात धरली आणि पत्र्याच्या कडेने फिरवली. डाव्या बाजूला कार्ब्युरेटरच्या खाली पट्टी वर उडाली. मागच्या कडेलाही. खाली वाकून पाहिलं तर उजेड दिसतो. रबर दगडासारखं कडक होऊन आक्रसलंय, डाव्या बाजूला दोन बोटं जातील एवढी फट. इंजिन आणि पुढची भिंत यांच्यामधली पत्र्याची पट्टीच नाही. मागे कधीतरी इंजिन उतरवताना काढली असेल आणि परत बसवली नसेल.

चारही बाजूंनी नवीन रबर, गायब पट्टी एक मिलिमीटरच्या पत्र्यातून कापून. स्पार्क प्लगच्या वायरींवरच्या रबरी टोप्या दोन फाटलेल्या होत्या, त्या बदलल्या. त्या भोकांतून गार हवा फुकट निसटते. पंख्याचं कव्हर सैल करून मूळ कूलरच्या पाकळ्यांत डोकावलं. वाळकी पानं, तेलकट धूळ आणि त्यावर कुठल्याशा उंदराने आणून ठेवलेला कापूस. अर्धा कूलर बंदच होता. ब्रशने आणि मागून हवा मारून साफ केला. हवा मारताना आतून, म्हणजे स्वच्छ बाजूने मारायची. उलट मारली तर कचरा आणखी आत बसतो.

थर्मोस्टॅटची फ्लॅप (तापमानाप्रमाणे हवेची वाट उघडणारी झडप) तपासली. तार अडकलेली नव्हती, गरम झाल्यावर पूर्ण उघडते. टॅपेटची फट थंड इंजिनावर इनटेक ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिलिमीटरला आणली. इग्निशनचं टायमिंग तीन अंश पुढे होतं, तेही मॅन्युअलप्रमाणे मागे आणलं.

१९ फेब्रुवारी. दुसरं माप

तोच रस्ता, तेच वजन. बाहेर ३१, माथ्यावर ११७. फरक ८६. कूलरला हात न लावता आठ अंश. दिवा लुकलुकला नाही, पण आयडलला दाब अजून माझ्या मनासारखा नाही. उन्हाळ्यात बाहेर ४० झालं तर पुन्हा १२६ वर जाणार. म्हणून जादा कूलर लावायचाच. पण कुणाची गाडी सामान न भरता सपाटीवर चालत असेल तर त्याने इथेच थांबावं.

२३ फेब्रुवारी. जागा

जागेवर सगळं अवलंबून आहे. पुढे इंजिन असलेल्या गाडीत कूलर रेडिएटरपुढे टांगला की वारा आपसूक मिळतो. इथे नाकापर्यंत पाइप न्यायचे तर चार चार मीटर जातात आणि थंड तेल तेवढ्या लांब ढकलायचं म्हणजे पंपावर ताण. मागेच कुठेतरी बसवायचा.

भोकं पाडण्याआधी जागा मोजल्या. थर्मामीटरची बारीक तार एकेका जागी टेपने चिकटवून गाडी त्याच रस्त्यावर फिरवली.

इंजिनाच्या खोलीत, बाजूच्या जाळीच्या मागे: हवा बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंशच जास्त. जागा मोहात पाडणारी आहे आणि पुष्कळ जण इथेच लावतात. पण कूलरने तापवलेली हवा पुढे सिलिंडरवर जाणार. तेल गार करायचं आणि हेड तापवायचं, हा सौदा नको.

मागच्या बंपरखाली: ७३ अंश. शेजारी सायलेन्सर, वरून सिलिंडरवरून आलेली गरम हवा. या जागी कूलर म्हणजे हीटर.

गिअरबॉक्सच्या वर: टाइप २ मध्ये पेट्रोलची टाकी इंजिनाच्या पुढे, गिअरबॉक्सच्या वर बसते. टाकीखाली शंभर अंशांचा कूलर आणि तेलाचे सांधे ठेवायचे नाहीत. मोजलंच नाही.

मागच्या टॉर्शन बारच्या (स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांडीच्या) आडव्या नळीच्या पुढे, उजव्या चॅसिस बीमच्या आतल्या अंगाला, फरशीखाली: बाहेरच्यापेक्षा फक्त तीन अंश जास्त. सायलेन्सर लांब, टाकी मागे. गैरसोय दोन: दगड-चिखल, आणि कूलर आडवा झोपवावा लागतो म्हणून वारा सरळ आत शिरत नाही. पंखा लागणारच. ही जागा पक्की.

२ मार्च. सामान

एकोणीस ओळींचा, प्लेट आणि पाकळ्यांचा कूलर, रुंदी २३५ मिलिमीटर. थर्मोस्टॅटवाली सँडविच प्लेट, फिल्टर आणि इंजिन यांच्या मधे बसणारी. मधला बोल्ट पाऊण इंच १६ आट्यांचा, फिल्टरचेच आटे. प्लेट साधारण ८० अंशांना उघडते. त्याआधी तेलाचा थोडाच भाग कूलरकडे जातो, तेवढा जायलाच हवा, नाहीतर पाइपमधलं थंड तेल एकदम इंजिनात येतं. थर्मोस्टॅट नसलेली प्लेट स्वस्त मिळते. ती घेऊ नका. तेल सकाळभर कोमट राहिलं तर त्यातली वाफ उडत नाही आणि झाकणाखाली पांढरी साय धरते.

पाइप आतून १६ मिलिमीटर, तेलासाठीचा, १५० अंशांचा. पाण्याचा पाइप चालत नाही, तो तेलाने फुगतो.

फिटिंगमध्ये सगळा वेळ गेला. प्लेटचे मेल सांधे ७/८ इंच १४ आट्यांचे, ३७ अंशांच्या उताराचे. दुकानाने पाठवलेले पाइपचे नट ५/८ बीएसपीचे (ब्रिटिश पाइप आट्यांचे) निघाले. दोन्हींत इंचाला १४ आटे, म्हणून नट हाताने छान फिरतो आणि शेवटपर्यंत जातो. पण एकाचा बाहेरचा व्यास २२.२ मिलिमीटर, दुसऱ्याचा २२.९; आट्यांचा कोनही वेगळा, ६० आणि ५५ अंश. नट आट्यांवर नुसता लोंबकळतो. तो डुगडुगला म्हणून कळलं. स्पॅनर लावून आवळला असता तर दाबाखाली कधीतरी निसटला असता आणि सगळं तेल रस्त्यावर. प्रत्येक सांधा व्हर्नियरने मोजा. "बसला" यावर विश्वास ठेवू नका. योग्य नट येईपर्यंत काम बंद.

खर्चाचं एकच सांगतो: कूलरपेक्षा फिटिंग आणि पाइप महाग पडतात. हिशेब मांडताना कूलरच्या किमतीच्या दुप्पट पैसे सांध्यांसाठी बाजूला काढा.

१५ मार्च. ब्रॅकेट

चॅसिस बीमला भोक पाडलं नाही. पोकळ बीम आहे, आत पाणी शिरलं की गंजतो. फरशीखालच्या दोन आडव्या बीमच्या कडांवर क्लॅम्प कसले आणि त्यांवर दोन अँगल टाकले. कूलर चार रबरी बुशांवर. कूलर फरशीपासून ६० मिलिमीटर खाली. आधी ३५ ठेवले होते, पण मग हवेला वर जागाच राहत नाही आणि पंख्याची मोटरही मावत नाही.

कूलरची दोन्ही तोंडं आडवी, गाडीच्या मध्याकडे. उभ्या कूलरची दोन्ही तोंडं खाली केली तर वरच्या ओळींत हवा अडकून राहते.

खाली दगडासाठी जाळी. बारीक जाळी लावली तर चिखलाने दोन पावसांत गच्च होईल, म्हणून १२ मिलिमीटर चौकोनाची.

२२ मार्च. प्लेट आणि पाइप

तेल काढलं, फिल्टर काढला. इंजिनावरची फिल्टरची बैठक कापडाने पुसून पुरत नाही. जुन्या फिल्टरच्या गास्केटची काळी कड तिथे चिकटलेली होती, नखाला लागली तेव्हा कळलं. प्लास्टिकच्या पातीने खरवडली. धातूची पाती नको, बैठक अॅल्युमिनियमची आहे. ओ-रिंगला (गळती थांबवणाऱ्या रबरी कडीला) तेल लावून प्लेट बसवली.

पाइपचे सांधे आवळताना प्लेट फिरते. एक स्पॅनर प्लेटवरच्या सांध्याला, दुसरा नटला. उलट दिशेने जोर. नाहीतर मधला बोल्ट सैल होतो आणि वरून ते दिसतही नाही. पाइप लावून झाल्यावर फिल्टर परत काढून मधला बोल्ट तपासला. अर्धा फेरा खाल्ला.

प्लेटची जाडी २८ मिलिमीटर, फिल्टर तेवढा बाहेर येतो. एक सरळ सांधा पत्र्याला टेकत होता, तिथे ४५ अंशांचा वापरला. ९० चा वाकडा सांधा टाळा, तेल अडतं.

पाइप कापताना टेप गुंडाळून बारीक दातांच्या करवतीने कापले. कापल्यावर रबराचा चुरा आणि जाळीच्या तारांचे तुकडे आत राहतात. आधी हवा, मग पेट्रोल, मग पुन्हा हवा, मग पांढरं कापड ओढून बघायचं. कूलरमधून परतलेलं तेल आधी फिल्टरमधूनच जातं हे खरं. पण थंड इंजिनात जाड तेलाने फिल्टरचा बायपास (फिल्टर टाळून जाणारी वाट) उघडतो, आणि त्या वेळी चुरा सरळ बेअरिंगमध्ये.

पाइपच्या वाटेत गिअरचा दांडा, क्लचची तार आणि केबिनच्या हीटरची गरम नळी आहे. ताईला आत बसवून सगळे गिअर टाकायला लावले आणि खालून पाहिलं. रिव्हर्समध्ये दांडा पाइपपासून जेमतेम पाच मिलिमीटरवर येत होता. क्लॅम्प सरकवून तीन बोटांचं अंतर केलं.

२३ मार्च. सुरू करणं

कूलर आणि पाइपात तेल आधीच भरून घेतलं, जवळजवळ ७०० मिलिलिटर. इग्निशन कॉइलची वायर काढून स्टार्टर फिरवला, दिवा विझेपर्यंत, मधे थांबून थांबून. मग वायर लावून चालू केलं. पहिल्या मिनिटाला सगळे सांधे कोरडे.

गरम होऊन थांबल्यावर प्लेटच्या वरच्या कडेला ओल. एक थेंब लोंबला, पडला, मग दुसरा. ओ-रिंग खोबणीतून एका बाजूला अर्धी बाहेर आली होती; लावताना तेल जास्त झालं की ती घसरते. नवीन ओ-रिंग, खोबणीत नुसतं बोट फिरवून तेलाचा पुसट थर, आणि प्लेट वर ढकलताना न फिरवता सरळ. पुन्हा गरम केलं, कोरडं.

३० मार्च. पंखा, वायरिंग

१२ व्होल्टचा आठ इंची पंखा, रिले (विजेने चालणारा स्विच), १५ अँपिअरचा फ्यूज, अडीच चौरस मिलिमीटरची वायर. बॅटरी इंजिनाच्या खोलीत उजवीकडे आहे, म्हणून वायर लांब नाही. फ्यूज बॅटरीला लागूनच, मधे कुठे नाही. रिले चालवणारा तापमानाचा स्विच कूलरमध्ये शिरणाऱ्या पाइपच्या सांध्यात: ९५ ला चालू, ८५ ला बंद. बाहेर पडणाऱ्या पाइपवर लावला असता तर पंख्यानेच गार केलेलं तेल बघून तो सारखा चालू-बंद झाला असता.

पंखा फिरला, पण आवाज दमलेला. बॅटरीवर १३.८ व्होल्ट, पंख्याच्या टोकांवर १०.६. पंख्याची अर्थ कूलरच्या ब्रॅकेटला, ब्रॅकेट रबरी बुशांवर आणि अँगल रंगवलेले. वीज जाणार कुठून? अर्थची वायर सरळ बॅटरीपर्यंत नेली. आता १३.३. हवेच्या झोतात लगेच फरक जाणवला.

डॅशवर छोटा हिरवा दिवा, पंखा चालू असताना लागणारा. खालचा पंखा बंद पडला तर गाडीत बसून कळणार नाही, म्हणून.

४ एप्रिल. तिसरं माप, आणि निराशा

बाहेर ३३, माथ्यावर ११२. फरक ७९. एवढं करून फक्त सात अंश. शिवाय एक विचित्र गोष्ट: चढावर हळू जाताना काटा स्थिर, आणि सपाटीवर वेग वाढवला की तेल तापायला लागतं. उलट व्हायला हवं होतं.

पंखा मी खालून वर हवा फेकणारा लावला होता. गाडीखालची हवा गार आहे, तीच आत घ्यावी असा विचार. कूलरच्या वर आणि खाली लोकरीचे दोरे चिकटवले, छोटा कॅमेरा बांधला आणि फिरवून आणलं. ताशी ३० ला वरचे दोरे वर उडतायत. ५० च्या पुढे ते नुसते थरथरतात. ७५ ला दोरे खाली वाकले, म्हणजे हवा वरून खाली जायला बघतेय आणि पंखा तिच्याशी झुंजतोय. गाडी धावताना फरशीखालून वेगाने जाणारी हवा कूलरच्या खालच्या अंगाला ओढ देते, आणि वर फरशी व कूलर यांच्यामधल्या जागेत गरम हवा कोंडून राहते. माझ्या जागेत तरी असं आहे. दुसऱ्या जागी दोरे लावूनच ठरवा, कारण बीम आणि नळ्या कुठे आहेत त्यावर वारा वळतो.

६ एप्रिल. पंखा उलटा, आणि खोका

नुसत्या वायरी उलट करून पंखा उलटा फिरवणं हा उपाय नाही. पात्यांचा बाक एकाच दिशेसाठी असतो. पंखा काढून कूलरच्या खालच्या बाजूला नेला, वरून खाली ओढणारा. जाळी त्याच्याही खाली.

दुसरी गोष्ट, पंखा पाकळ्यांना चिकटून बसवला की त्याच्या गोलापुरतीच हवा फिरते, चार कोपरे कोरडे. अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा खोका केला, ३० मिलिमीटर खोल, कडांना फोमची पट्टी. आता पंखा कूलरच्या पूर्ण तोंडातून ओढतो. वरच्या बाजूला पुढून हवा आत वळवायला एक पत्रा, गाडीच्या नाकाकडे उघडा, मागे उतरता.

७ एप्रिल. चौथं माप

बाहेर ३५, माथ्यावर १०४. फरक ६९. तोच कूलर, तोच पंखा, नुसती दिशा आणि खोका: दहा अंश. सपाटीवर ताशी ८५ ला पंखा बहुतेक वेळ बंदच, तेल ९४-९६. माथ्यावर आयडलला दाबाचा दिवा विझलेला. दाबाच्या मीटरवर गरम तेलाला पाइपमुळे ०.२ बार कमी दिसतो, पण तेल गार असल्यामुळे एकूण दाब आधीपेक्षा जास्तच आहे.

चार मापं शेजारी ठेवली तर ९४, ८६, ७९, ६९. म्हणजे २५ पैकी आठ अंश रबराच्या पट्टीने, साफसफाईने आणि टायमिंगने आले, सात कूलर लावल्याने आणि दहा हवा नीट फिरवल्याने. मोठा कूलर घ्यायचा विचार चार तारखेला मनात आला होता. तो घेतला असता तर पैसे जाऊन कोंडलेली हवा तशीच राहिली असती.

१३ एप्रिल. पाइप बदलला

आठवड्याने खाली जाऊन पाहिलं. प्लेटपासून निघणारा एक पाइप ताठ होता. इंजिन-गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर हलतं आणि कूलर बॉडीला बांधलेला. क्लच सोडताना दोघांमधलं अंतर बदलतं आणि सगळा ताण सांध्यावर येतो. सांध्याच्या तोंडाशी पाइपची वेणी एका बाजूला पांढरी पडायला लागली होती. नवीन पाइप १५० मिलिमीटर जास्त लांबीचा, मधे सैल वळसा देऊन, पहिला क्लॅम्प इंजिनापासून हातभर लांब. दुसराही तसाच केला, वाट पाहिली नाही.

२७ एप्रिल. सिलिंडर हेड

स्पार्क प्लगखालचा तापमान सेन्सर लावून पाहिला. हेडचं तापमान कूलरच्या आधी आणि नंतर सारखंच आहे, दोन-चार अंश इकडे-तिकडे. अपेक्षाही तीच होती. हेड तापतं ते पातळ मिश्रणाने, पुढे गेलेल्या टायमिंगने आणि हवा कमी मिळाल्याने. तेलाचा काटा १०० वर शांत बसलाय म्हणून हेडही शांत आहे असं धरून चढावर ॲक्सिलरेटर दाबून ठेवू नका. उलट पूर्वी तेलाचा काटा तरी इशारा द्यायचा. आता तो देणार नाही. कूलर लावणाऱ्याने हेडचाही मीटर लावावाच असं माझं ठाम मत आहे.

११ मे. तेल बदली

ड्रेन बोल्ट उघडला की साडेतीन लिटरच्या हिशेबाने तेल येतं, कूलर आणि पाइपातलं ७०० मिलिलिटर तिथेच राहतं. प्रत्येक वेळी पाइप सोडत बसत नाही. एक बदली सोडून एक करणार. पाइप सोडले नाहीत तर नवीन तेल पूर्वीएवढंच, फिल्टरसकट साडेतीन लिटर. डिपस्टिकच्या जागी सेन्सर आहे, म्हणून पातळी बघताना मूळ डिपस्टिक घालून बघतो. इंजिन चालवून, पाच मिनिटं थांबून, सपाट जागेवर.

जाळीत गवत आणि एक प्लास्टिकची पिशवी अडकलेली निघाली. पिशवीने कूलरचा पाव भाग झाकला होता आणि मीटरवर तीन-चार अंश जास्त दिसत होते. हवा गरम झाली म्हणून असेल असं वाटून मी दोन दिवस सोडून दिलं होतं. आता तेल वजा हवा ७२ च्या वर गेलं की गाडीखाली बघायचं, असं मीटरशेजारी लिहून ठेवलंय.

राहिलेली कामं: अँगलला गंजरोधक रंगाचा दुसरा हात, स्विचच्या सांध्यावर रबरी टोपी, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत रिलेचं तोंड खाली वळवणं, म्हणजे त्यात पाणी साचणार नाही.